तुम्ही विचारलेत म्हणून : डीबग माहिती नसलेल्या प्रोग्रामवर डीबगर कशासाठी तपासायचा?

मी डीबगरसाठी, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून त्यातली चूक शोधायला मदत करणाऱ्या साधनासाठी, चाचण्या लिहितो हे कळले, की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. प्रोग्राम डीबग करायचा असेल तर तो ‘-जी’ हा डीबग माहिती सोबत ठेवणारा पर्याय देऊन कंपाइल करावा, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग ज्यात डीबग माहितीच नाही असे प्रोग्राम मुद्दाम तयार करून त्यांवर डीबगर चालवण्यात वेळ का घालवायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला मनापासून द्यावेसे वाटते, कारण माझ्या मते डीबगरची खरी पारख तिथेच होते. माहिती हाताशी असते तेव्हा डीबगर ती वाचून दाखवतो. ती नसते तेव्हा त्याला अंदाज बांधावा लागतो, आणि बांधलेला अंदाज तो खात्रीची गोष्ट म्हणून आपल्या गळ्यात मारतो की काय, हे कोणीतरी तपासायलाच हवे.

शिवाय असे प्रोग्राम काही दुर्मीळ नसतात. आपला स्वतःचा कोड ‘-जी’ देऊन कंपाइल केलेला असला, तरी तो ज्या लायब्ररींना हाक मारतो त्यांची डीबग माहिती बहुधा मशीनवर नसते, आणि ग्राहकाकडे कोसळलेला प्रोग्राम तर जवळजवळ नेहमीच स्ट्रिप केलेला, म्हणजे अशी माहिती काढून टाकलेला, असतो.

डीबग माहिती, म्हणजे बहुतेक युनिक्स-लिनक्स प्रणालींवर ‘ड्वॉर्फ’ या स्वरूपातली नोंद, डीबगरला तीन मोठ्या गोष्टी सांगते : कोणती मशीन-सूचना सोर्समधल्या कोणत्या ओळीची, कोणते व्हेरिएबल प्रोसेसरच्या कुठल्या रजिस्टरमध्ये किंवा स्टॅकवर (फंक्शनांच्या कामाच्या मेमरीत) कुठे, आणि कशाचा टाइप काय. ती काढून घेतली की उरतो तो लिंकरचा (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामचा) सिम्बॉल टेबल, आणि त्यात फंक्शनचे नाव, त्याचा पत्ता आणि सहसा त्याचा आकार एवढेच असते. फंक्शन काय परत करते, याचा त्यात मागमूसही नसतो.

इथेच अनेक वर्षे एक खड्डा होता. जीडीबी या लिनक्सवरच्या प्रचलित डीबगरला टाइप माहीत नसलेले फंक्शन बोलवायला सांगितले, की ते ‘इंट’ (पूर्णांक) परत करते असे तो गृहीत धरत असे. बत्तीस बिटांच्या जगात हे बऱ्याचदा निभावून गेले, कारण तिथे पॉइंटर आणि इंट एकाच मापाचे होते. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर मात्र ‘गेटएन्व्ह’ला, म्हणजे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलच्या मजकुराचा पत्ता देणाऱ्या फंक्शनला, ‘होम’ची किंमत विचारली, की उत्तर म्हणून उणे ८२४७ असा एखादा आकडा समोर येई. हा आकडा कुठून येतो ते पाहण्यासारखे आहे. एन्व्हायरन्मेंटचा मजकूर स्टॅकच्या अगदी वरच्या टोकाला असतो. तिथल्या पत्त्याच्या खालच्या ३२ बिटांपैकी जवळजवळ सगळे ‘१’ असतात. डीबगर परतीची किंमत ठेवणाऱ्या ‘आरएएक्स’ रजिस्टरचा तेवढाच अर्धा भाग (‘ईएएक्स’) उचलतो आणि चिन्हासकट पूर्णांक म्हणून वाचतो, त्यामुळे छोटीशी ऋण संख्या दिसते. तीच संख्या पुढे पत्ता म्हणून वापरली तर मेमरी वाचता येत नाही असा संदेश येतो, आणि बिचारा वापरणारा आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसतो.

‘एसक्यूआरटी’ या वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनसारख्यांची गत याहून वाईट होती. दशांश संख्या परत येते ‘एक्सएमएम०’ या रजिस्टरमध्ये, आणि डीबगर पाहणार ‘ईएएक्स’मध्ये. तिथे आधीच्या कुठल्यातरी कामाचा जो गाळ उरलेला असेल तो उत्तर म्हणून छापला जाई, तोही कसलीही सूचना न देता. २०१८ मध्ये आलेल्या जीडीबी ८.१ पासून ही वागणूक बदलली. आता डीबगर सांगतो, की या फंक्शनचा परतीचा टाइप अज्ञात आहे, तुम्हीच कास्ट करून, म्हणजे टाइप स्पष्ट लिहून, तो सांगा. काही जणांना ही कटकट वाटली. मला मात्र हा बदल फार मोलाचा वाटतो. त्याच्या चाचण्या लिहिताना नुसता नकाराचा संदेश तपासून भागत नाही. परतीचा टाइप कास्टने सांगितला तरी आर्ग्युमेंटचे टाइप डीबगर दिलेल्या किमतींवरूनच ठरवतो, आणि ‘फ्लोट’ (लहान दशांश संख्या) घेणाऱ्या फंक्शनला ‘डबल’ (दुप्पट मापाची) पोहोचले तर पुन्हा भलतेच उत्तर मिळते. म्हणून आर्ग्युमेंटचे टाइपही सांगणारा संपूर्ण फंक्शन-पॉइंटरचा कास्ट दिल्यावर उत्तर बरोबर येते का, हेही पाहावे लागते.

ब्रेकपॉइंटचे प्रकरण वेगळ्याच कारणाने नाजूक आहे. फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवण्याची खूण, लावला, की तो सुरुवातीच्या तयारीच्या सूचना, म्हणजे प्रोलॉग, ओलांडून पुढे बसावा अशी अपेक्षा असते. ओळींची नोंद नसेल तर डीबगरला त्या सूचनांचे बाइट वाचूनच प्रोलॉग कुठे संपतो ते ओळखावे लागते. इंटेलच्या सुरक्षा-सोयीसाठी कंपायलर फंक्शनच्या आरंभी ‘एन्डबीआर६४’ ही सूचना घालू लागले, तेव्हा जीडीबीचा हा वाचक पहिल्याच पावलाला अडखळला, कारण त्याला तिथे ‘पुश’ हवे होते. ब्रेकपॉइंट फ्रेम (स्टॅकवरची फंक्शनची जागा) तयार होण्याआधीच बसू लागला. ही दुरुस्ती २०२० मध्ये झाली. 

बॅकट्रेसबाबत, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीबाबत, नवशिक्या चाचणी-लेखकाची हमखास फसगत होते. तो ‘-जी’ काढतो, बॅकट्रेस तरीही व्यवस्थित येतो, आणि डीबगरचा अंदाज पक्का आहे असे समजून तो निर्धास्त होतो. प्रत्यक्षात चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर ‘ईएच-फ्रेम’ नावाचा विभाग ‘-जी’ नसतानाही प्रोग्राममध्ये असतो आणि डीबगर त्यावरूनच स्टॅक उलगडतो. अंदाजाची परीक्षा घ्यायची तर कंपायलरला ही स्टॅक उलगडण्याची (अनवाइंड) टेबलेही न बनवण्यास सांगावे लागते.

आणि मग माहिती मागच्या दाराने आत येण्याचा धोका आहेच. माझी एक चाचणी माझ्या मशीनवर रोज उत्तीर्ण होत असे आणि एका सहकाऱ्याच्या मशीनवर रोज नापास. चाचणीत ‘गेटएन्व्ह’ बोलावून ‘टाइप अज्ञात’ हा संदेश अपेक्षित धरला होता, आणि त्याच्याकडे सी लायब्ररीची डीबग माहिती वेगळ्या पॅकेजमधून बसवलेली होती. डीबगरने बिल्ड-आयडीवरून, म्हणजे लायब्ररीच्या त्या बिल्डच्या ओळख-क्रमांकावरून, ती शोधली आणि टाइप बिनचूक सांगितला. डीबगरने आपले काम चोख केले होते, चूक माझ्या चाचणीची होती. ‘डीबगइन्फोडी’ ही डीबग माहिती पुरवणारी सर्व्हर-सेवा आल्यापासून तर अशी माहिती थेट नेटवर्कवरूनही उतरू शकते, त्यामुळे चाचण्या चालवताना त्याचा पत्ता असलेले एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल रिकामे ठेवावे लागते.

त्या दिवसापासून मी अशा चाचण्यांत लायब्ररीचे फंक्शन वापरत नाही. इंट, पॉइंटर, फ्लोट आणि डबल परत करणारी चार छोटी फंक्शने स्वतः लिहितो, आणि बाकी काहीही विचारण्याआधी ‘मेन’ची ओळ डीबगरला विचारून पाहतो. त्याने ओळ सांगितली, तर डीबग माहिती कुठून तरी आत आली आहे असे समजून चाचणी तिथेच थांबवतो आणि ‘अनटेस्टेड’ (तपासले नाही) अशी नोंद करतो.