रॅग जॉइंट, सातवी नोंद: डावीकडे घट्ट, उजवीकडे लिबलिबीत

मंडळी, मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की उजवीकडे वळताना येणारा 'टक्क' स्टिअरिंग बॉक्समधूनच येतोय. ते शब्द मागे घेतो. बॉक्स निर्दोष आहे. तीन आठवडे मी बॉक्समधला ढिलेपणा काढायचा सेक्टर शाफ्टचा स्क्रू पाव-पाव आटा पिळत बसलो, दोनदा तेल काढलं, एकदा झाकण उघडून बेअरिंगं पाहिली, आणि चोर वर कॉलमवर आरामात बसला होता. रॅग जॉइंटच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या शाफ्टचे दोन तुकडे जोडणाऱ्या सांध्याच्या, दहा मिलिमीटर जाडीच्या कापड-रबराच्या डिस्कमध्ये. सापडला तो आईच्या शिवणकामामुळे. ते पुढे येईलच.

आधीच्या सहा नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना जीपची कुंडली पाठ आहे. मूळच्या सीजे-३बी मॉडेलच्या जीपला कॉलम आणि बॉक्स एकसंधच असतो, तिथे रबराचा काही संबंध नाही. मी दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवला, मधे शाफ्ट तोडला आणि रॅग जॉइंटचं हे दुखणं स्वतःच्या हाताने घरात आणलं. जीप अजून शेताच्या वाटेवरच फिरते. असला स्टिअरिंगचा प्रयोग घेऊन हायवेला जायची माझी तयारी नाही, तुम्हीही जाऊ नका.

पहिली डिस्क आठवत असेल. ऑनलाइन मागवलेली 'हेवी ड्यूटी'. कापून बघितली तर आत कापडाचा एक धागा नाही, निव्वळ ओतीव रबर. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण फोटोत कडेला कापडाचे थर दिसत नसतील तर पैसे घालवू नका. रॅग जॉइंटमधला 'रॅग' म्हणजे चिंधी. चिंधीच नसेल तर ते निव्वळ वायसर.

म्हणून साखर कारखान्याचा पट्टा. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, वाहणाऱ्या कन्व्हेयरचा जुना तुकडा एका मित्राने आणून दिला: दहा मिमी, तीन प्लाय म्हणजे कापडाचे तीन थर, रबर अजून जिवंत. उद्यमनगरातल्या आमच्या टर्नर अण्णांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "दादा, ह्यो पट्टा चिपाडं वाहायला केलाय, जीप वळवायला न्हाई." तरी गोल कापून दिला. फ्लँजच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या चकतीच्या, बोल्टांची जागा पट्ट्याच्या लांबीला समांतर धरली, कारण आखायला तेच सोपं. चार भोकं, ६० मिमीच्या वर्तुळावर, दोन वरच्या फ्लँजची, दोन खालच्या.

गाडीत बसवली आणि उभ्या जागी चाक फिरवलं की दोन्हीकडे टक्क. स्टीलच्या पिना खाचेला आपटत होत्या. नवख्यांसाठी एकच वाक्य: डिस्क फाटली तरी स्टिअरिंग हातात राहावं म्हणून फ्लँजला या पिना असतात, रोजच्या वळणात त्या कशालाही टेकता कामा नयेत. माझ्या खाचेत दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी मोकळीक आहे. ३० मिमी त्रिज्येवर तीन मिमी म्हणजे पावणेसहा अंश. डिस्क त्याहून जास्त पिळली की लोखंडाला लोखंड.

मग मी शेवटी शहाण्यासारखं टेबलावर मोजायला घेतलं. खालचा फ्लँज व्हाइसमध्ये, वरच्या फ्लँजला आडवा पाइप, दोन्हीकडे सारखा बाहेर, म्हणजे पाइपचं स्वतःचं वजन हिशोबात येत नाही. मधोमधपासून ३० सेंमीवर वजन टांगायचं. वजन म्हणून घरातला गुळाचा रवा, म्हणजे ढेप. दहा किलोचा, काट्यावर पुन्हा तोलून घेतला. दहा किलो, ३० सेंमी, म्हणजे तीन किलो-मीटर. ४० सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर पंधरा किलोचा जोर लावला तर एवढाच पीळ येतो, आणि उभ्या गाडीत चाक फिरवताना तेवढा लागतोच. पिना काढून ठेवल्या, कंपासपेटीतला कोनमापक चिकटवला, काटा म्हणून सायकलचा आरा. खर्च शून्य. मुंग्या मात्र भरपूर.

या डिस्कचा पीळ निघाला नऊ अंश, दोन्हीकडे सारखा. एक अंश म्हणजे स्टिअरिंगच्या कडेला साडेतीन मिमी. नऊ अंश म्हणजे तीन सेंमीच्या वर नुसतंच फिरणारं चाक! तीन प्लायचा पट्टा, माणूस बसला तरी तुटायचा नाही, आणि हा असा ढिला कसा? मी आणखी जाड पट्टा शोधायला लागलो होतो.

त्या दिवशी आई टेबलापाशी आली, रवा कुठे गेला ते बघायला. डिस्क हातात घेतली, दोन समोरासमोरच्या नव्हे, शेजारशेजारच्या भोकांत बोटं घातली, ओढलं आणि म्हणाली, "अरे, हे तू उरेबात कापलंयस की."

शिवणारे ओळखतील. कापड उभ्या धाग्यावर ओढा, हलत नाही. आडव्यावर ओढा, थोडं देतं. तिरपं, म्हणजे उरेबात ओढा, लगेच ताणतं, कारण धागे ताणले न जाता एकमेकांवर फिरतात. आणि रॅग जॉइंटमध्ये ओढ नेमकी कुठे असते? वरच्या फ्लँजचा बोल्ट शेजारच्या, खालच्या फ्लँजच्या बोल्टला ओढतो. म्हणजे ओढ बोल्टांच्या व्यासावर नाही, शेजारच्या दोन भोकांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेवर, बरोबर ४५ अंशात. मी धागे व्यासाला समांतर ठेवले होते, म्हणून चारही बाजूंचा ताण उरेबात जात होता. एवढं साधं कागदावर काढून बघायला मला दोन महिने लागले. आईला दोन सेकंद.

दुसरी डिस्क त्याच पट्ट्याची, फक्त भोकं ४५ अंशात फिरवून. टेबलावर घाईत एकाच बाजूला रवा टांगला: तीन अंश! नाद खुळा. तेवढ्यावरच गाडीत बसवली, आणि त्याच आनंदात बॉक्सला दोष देणारी मागची नोंद लिहिली. कारण आता डावीकडे एकदम घट्ट झालं होतं आणि उजवीकडे मात्र टक्क चालूच. एकाच बाजूला आवाज म्हणजे बॉक्स झिजलाय, असा माझा तर्क. तीन आठवडे त्या तर्कात गेले.

मागच्या रविवारी डिस्क धुवायला काढली होती. परत बसवताना चुकून एक भोक पुढे सरकून बसली, म्हणजे ९० अंश फिरून. चाक फिरवलं: उजवीकडे घट्ट, डावीकडे टक्क. दोनदा खात्री केली. काढली, फिरवली, टक्क पुन्हा उजवीकडे. बॉक्स काही डिस्कबरोबर फिरत नाही. मग त्याला तीन आठवडे छळलं कशाला?

टेबलावर या वेळी रवा दोन्ही बाजूंना टांगला. एकीकडे तीन अंश, दुसरीकडे साडेसात. साडेसात म्हणजे पिन टेकणारच.

कारण एकदा दिसलं की हसू येतं. डावीकडे पिळताना समोरासमोरचे दोन पदर ताणले जातात आणि दोन दबतात. दबणारं कापड काही कामाचं नाही, ते नुसतं चुरमडतं. ताणलेले दोन्ही पदर एकाच दिशेचे, एकमेकांना समांतर. उजवीकडे पिळलं की पाळी उरलेल्या दोघांची, आणि त्यांची दिशा पहिल्यांना काटकोनात. म्हणजे डावं वळण ताण्याच्या, लांबीतल्या धाग्यांवर, उजवं वळण बाण्याच्या, आडव्या धाग्यांवर. पट्ट्याला लांबीतच ओढ सोसायची असते, त्यामुळे ताकद ताण्यात. बाण्याचा धागा लवचिक ठेवलेला असतो, पट्ट्याला रोलरवर खोलगट बसता यावं म्हणून. कारखान्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, चूक पट्ट्याची नाही.

उपाय त्यातच होता. पाच-पाच मिमीचे दोन पातळ, दोन प्लायचे पट्टे. एकाचा ताणा दुसऱ्याच्या बाण्यावर, काटकोनात. तिसरी डिस्क: डावीकडे चार अंश, उजवीकडे चार अंश. चार अंश म्हणजे पिनेच्या जागी दोन मिमीच्या आसपास, मोकळीक तीन. टक्क गेला. पुढच्या अर्ध्या तासात मी जीप उभ्या जागी इतक्या वेळा डावी-उजवी केली की टायरखाली चिखलात दोन वाट्या पडल्या.

इथवर लाडू. आता खडे.

दोन थर चिकटवायला मी आधी पंक्चरचं सोल्युशन वापरलं. रात्रभर रवा टांगून ठेवला, सकाळी कडेने नख जाईल एवढी फट. पट्टे जोडणारे लोक दोन भागांचं कोल्ड सिमेंट वापरतात, ते आणलं. दोन्ही पृष्ठभाग वायरब्रशने चांगले खरवडले, दोन हात लावले, वायसरच्या जागी जाड पत्रे ठेवून व्हाइसमध्ये चोवीस तास दाबलं. या वेळी नख जात नाही. पंक्चरचं सोल्युशन सायकलसाठी ठेवा.

भोकं ड्रिलने पाडू नका. ड्रिल धागे उपसतं आणि भोकाच्या कडेला केसाळ दाढी येते, फाटायला तिथूनच सुरुवात होते. चप्पल लाईनमधल्या एका ओळखीच्या कारागिराचा पंच आणि लाकडी ठोकळा घेतला, एकेक घाव, भोक आरशासारखं. तो म्हणाला, पट्टा कशाला, आमचं म्हशीचं कातडं लावा. थट्टा नव्हती, सुरुवातीच्या मोटारींत कापडाच्या आणि चामड्याच्या डिस्क खरंच असत. पण कोल्हापूरच्या पावसात चामड्यावर स्टिअरिंग सोपवायचं? नको. चपलाही आपण जूनमध्ये आत ठेवतो.

प्रत्येक भोकात अण्णांकडून स्टीलची बुश, म्हणजे छोटी नळी. डिस्क दहा मिमी, बुश नऊ. नट आवळला की बुश टेकते आणि रबर एक मिमीच दबतं. बुश नसेल तर बोल्ट किती आवळला ते रबर ठरवतं, आणि रबराचं काही खरं नाही, दोन महिन्यांत बसतं आणि बोल्ट मोकळा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे), दर वेळी नवे. इथे कंजुषी नको.

हॉर्न बंद पडला होता, त्यावर तुमच्यापैकी दोघांनी आधीच बोट ठेवलं होतं. बटणाची अर्थिंग शाफ्टमधून बॉक्सला जाते, मधे रबर आलं की संपलं. विणलेल्या तांब्याची छोटी पट्टी एका फ्लँजवरून दुसऱ्यावर, जरा सैल ठेवून. वाजतो.

बॉक्सच्या वरच्या सीलमधून तेल झिरपतंय, ते आधी बदलायचं. साध्या पट्ट्याचं रबर तेलात फुगतं. तीन आठवडे बॉक्स उघड-बंद केल्याचं हे बक्षीस असावं.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि पुढचा बेत ठरला होता: शिरोलीत एकाकडून पॉलियुरेथेनची डिस्क ओतून घ्यायची. पण वरचं ताण्या-बाण्याचं लिहिताना डोक्यात दुसरंच आलं. ताण जर फक्त शेजारच्या दोन बुशांच्या मधे आहे, तर सगळीभर कापड हवंय कशाला? दोन बुशांभोवती धाग्याचे वेढे घालायचे, असे चार फेटे, आणि मग सगळं रबरात बसवायचं. हे माझं डोकं नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, कित्येक रबरी डिस्कमध्ये आत अशाच दोऱ्यांचे फेटे असतात. 'जुबो' हे त्या जातीच्या जॉइंटचं नाव इटलीच्या आंतोनियो बोस्की या इंजिनियरवरून पडलं, जुंटो बोस्की, म्हणजे बोस्कीचा जोड. अशा काही डिस्कवर बाण छापलेले असतात, बसवायची दिशा दाखवणारे. ते बाण कशासाठी, हे मला गेल्या रविवारपर्यंत नीट उमगलं नव्हतं. प्रॉपेलर शाफ्टचा मुख्य जोर एकाच दिशेला, तिथे ताणले जाणारे फेटे योग्य जागी यावे लागतात. स्टिअरिंगला दोन्ही दिशा सारख्या, म्हणजे चारही फेटे सारखे हवेत.

हिशोब मांडला. तीन किलो-मीटर पिळाला प्रत्येक बोल्टवर पन्नास किलो, तिरप्या फेट्यात सत्तर. खड्ड्याचा हिसका पाचपट धरला तर साडेतीनशे. हजार डेनियर जाडीचा हाय टेनॅसिटी, म्हणजे जास्त ताकदीचा, पॉलिएस्टर धागा साधारण आठ किलो झेलतो. पन्नास वेढे म्हणजे शंभर पदर, आठशे किलो. गाठीत, वाकात थोडं जाईल, तरी पुष्कळ उरतं. इचलकरंजी तासाभरावर आहे, सुताला तोटा नाही. पण साधं सूत नको, हाय टेनॅसिटीच हवं, म्हणून तिथल्या सुताच्या व्यापारातल्या मित्राला विचारलंय. पॉलियुरेथेनवाल्याला तूर्त थांबायला सांगितलं.

अडचण एकच दिसते: सगळ्या वेढ्यांना सारखा ताण कसा द्यायचा. सैल वेढा फुकट, घट्ट वेढा आधी तुटणार. आईच्या मशीनचं बॉबिन भरायचं यंत्र बघून ठेवलंय, ताण देणारी चकती त्यात असतेच. अजून मागितलं नाही. आधी रवा परत द्यावा लागेल, आणि त्याला तारेची बोटभर खोल खाच पडली आहे.