ठिपका अजून हललेला नाही

सायकलची शर्यत म्हटलं की लोकांना टूर द फ्रान्स आठवते. हेलिकॉप्टरमधून दिसणारे सूर्यफुलांचे मळे, घाटात कडेला उभं राहून ओरडणारी माणसं. मी दर जुलैअखेरीला जी शर्यत बघते, तिच्यात यातलं काहीही दिसत नाही. फोनवर युरोपचा नकाशा, त्यावर दोन-अडीचशे ठिपके, प्रत्येकाला नाव आणि नंबर. ठिपका सरकला की बरं वाटतं, नाही सरकला की घोर लागतो. बस, एवढंच बघायचं.

ही ट्रान्सकॉन्टिनेंटल रेस. माइक हॉल या ब्रिटिश सायकलपटूने २०१३ साली सुरू केली. पहिल्या वर्षी माणसं लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून निघाली आणि इस्तंबूलला पोचली. सुरुवात-शेवट बदलत असतो, पण अंतर साधारण चार हजार किलोमीटर. ठरलेले चेकपॉइंट गाठायचे, कार्डावर शिक्का घ्यायचा, बाकीचा बराचसा रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. मागे गाडी नाही, मेकॅनिक नाही, पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही. दुकानात कुणालाही मिळतं तेच आपल्याला मिळणार. आणि घड्याळ थांबत नाही. तुम्ही झोपलात तरी ते चालूच.

आपल्याकडे लांब पल्ल्याचं सायकलिंग घरोघर पोचलं ते रॅममुळे, म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका'मुळे. २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी दोघांची टीम करून ती पुरी केली. २०१७मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने. पण रॅममध्ये सायकलीमागे स्वतःची गाडी असते, तिच्यात खाणं-पिणं, सुटे भाग आणि हुरूप देणारी माणसं असतात. त्यांच्याकडून बातमी येते, फोटो येतात. इथे बातमी देणारं कुणी नाही. सायकलीला किंवा पिशवीला अडकवलेलं एक छोटं यंत्र दर काही मिनिटांनी कळवतं, मी इथे आहे. झालं.

मग आमच्यासारख्यांची हेरगिरी सुरू होते. ठिपका अर्धा तास एका जागी? नकाशा मोठा करायचा, उपग्रहाचं चित्र लावायचं. पेट्रोल पंप असेल तर जीव भांड्यात, खात असणार. गावाबाहेरचं कब्रस्तान असेल तरी घाबरायचं नाही. युरोपात कब्रस्तानात बहुधा पाण्याचा नळ असतो आणि हे सायकलवाले बाटल्या तिथेच भरतात. बस थांब्याची शेड असेल तर पठ्ठ्या आडवा झालाय. पण आजूबाजूला नुसतं रान आणि रस्त्याचं वळण दिसलं, की मात्र मी दर दोन मिनिटांनी पान ताजं करत बसते. पंक्चर? पोट बिघडलं? का यंत्राची बॅटरीच गेली?

या खेळातला सगळ्यात छळणारा प्रसंग मला विचाराल, तर तो अमेरिकेतल्या ट्रान्स अ‍ॅम या अशाच शर्यतीचा, २०१६चा. ऑरेगनमधलं अ‍ॅस्टोरिया ते व्हर्जिनियातलं यॉर्कटाउन, पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. शेवटच्या रात्री स्टेफन श्ट्राइश पुढे होता, अलास्काची लेल विलकॉक्स मागून येत होती. तो जरासा झोपला, उठला आणि अंधारात, झोपेच्या गुंगीत, उलट्या दिशेने निघाला. थेट तिच्याच समोर! नकाशापुढे बसलेल्यांच्या जिवाची काय तगमग झाली असेल. अरे बाबा, मागे फिर! पण सांगणार कोण, आणि कसं? भेट झाल्यावर तो म्हणाला, आता शेवटपर्यंत बरोबरच जाऊ. तिने ही शर्यत आहे म्हणून सुनावलं आणि पायडल मारत सुटली. अठरा दिवसांत, सगळ्यांच्या आधी, ती यॉर्कटाउनला पोचली. त्याचं काय झालं असेल, याची हळहळ मला तिच्या कौतुकापेक्षा काकणभर जास्तच वाटते.

२०१९ची ट्रान्सकॉन्टिनेंटल फियोना कोलबिंगर या चोवीस वर्षांच्या जर्मन मुलीने जिंकली. बल्गेरियातल्या बुर्गासपासून फ्रान्सच्या ब्रेस्टपर्यंत, १० दिवस २ तास ४८ मिनिटं. असल्या शर्यतीत ती पहिल्यांदाच उतरली होती. दुसरा आला तो जवळपास दहा तासांनी. वाटेत एका मुक्कामी तिने पियानोही वाजवून घेतला! ठिपक्यावरून हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

ठिपका थांबला की पोटात गोळा का येतो, यालाही कारण आहे. मार्च २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात इंडियन पॅसिफिक शर्यत चालू होती, फ्रीमँटल ते सिडनी, साडेपाच हजार किलोमीटर. माइक हॉल दुसऱ्या क्रमांकावर होता. ३१ तारखेला, उजाडायच्या आधी, कॅनबेराजवळच्या हायवेवर एका मोटारीने त्याला धडक दिली आणि तो तिथेच गेला. शर्यत रद्द झाली. त्याने सुरू केलेली ट्रान्सकॉन्टिनेंटल मात्र चालू राहिली. ती भरवणाऱ्या संस्थेचं नाव आहे 'लॉस्ट डॉट', म्हणजे हरवलेला ठिपका.

हा छंद मराठी माणसाच्या स्वभावाच्या अगदी उलटा आहे. वारी जाते त्या रस्त्यावर आपण चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभे राहतो. कुणी थकलेलं दिसलं की हात आपोआप पुढे होतो. इथे ओळखीच्या माणसाने मुद्दाम थर्मास घेऊन वाटेत उभं राहणंसुद्धा नियमात बसत नाही. जीव टांगणीला लावायचा, पण उपयोगी पडायचं नाही. सुरुवातीला मला हे निर्दय वाटायचं. आता उलट वाटतं: जगात निदान एका माणसाच्या बाबतीत तरी मला सल्ला देता येत नाही, हे माझ्या घरच्यांनाही बरं वाटत असावं.

आईला यातलं काही पटत नाही. पहाटे पाणी प्यायला उठली आणि मी फोनमध्ये डोकं घालून बसलेली दिसले, की विचारते, "काय गं, काय झालं?"

"तीन तास झाले, हललेला नाही."

"मग झोपू दे की त्याला!"

तिला सगळ्यात शेवटचे ठिपके आवडतात. पुढचे आठ-दहा दिवसांत संपवून मोकळे होतात, मागचे मात्र रात्री हॉटेलात झोपतात, सकाळी निघतात, ऊन चढलं की थांबतात. परवा मी पहिला कोण आला ते उत्साहाने सांगायला गेले. ती म्हणाली, ते राहू दे, आपला तो इटलीत अडकलेला आल्प्स चढला का ते सांग.