डोक्यावरचा गुरू आणि तापलेली गच्ची

मुंबईत राहून आकाशाचे फोटो काढतो असे सांगितले की समोरचा माणूस आधी ‘इथे तारे तरी दिसतात का?’ असे विचारतो, आणि प्रश्न रास्तच असतो. आकाशगंगेचा पट्टा पाहायचा तर गाडी पकडून निदान वांगणी गाठावी लागते. अंधुक तेजोमेघांच्या फोटोसाठी तर त्याहूनही दूर जावे लागते. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांना मात्र शहराच्या दिव्यांचे सोयरसुतक नाही. गुरूचे बिंब इतके उजळ असते की कॅमेऱ्याला एका फ्रेमसाठी सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, आणि तेवढ्या वेळात शहराच्या आकाशाची पिवळसर झळाळी नोंदलीच जात नाही. ग्रहांच्या फोटोसाठी मुंबई ही हेवा वाटावी अशी जागा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे जे काही बिघडते ते दिव्यांमुळे नव्हे, तर स्लॅबमुळे आणि पावसाळ्यामुळे.

हेवा कशाचा, तर अक्षांशाचा. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य आणि ग्रह ज्या पट्ट्यातून फिरतात तो आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, गुरू मिथुन राशीत होता आणि मध्यरात्री मुंबईच्या माथ्यापासून अवघ्या तीन अंशांवर होता. २०२० साली तो धनु राशीत होता, तेव्हा लंडनच्या हौशी मंडळींना तो क्षितिजावर जेमतेम १६ अंश वर मिळत होता. इतक्या खाली असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या तुलनेत साडेतीनपट जाड हवेतून येतो, आणि ती हवा लोलकासारखी वागून बिंबाची एक कड निळी आणि दुसरी तांबडी करते. मुंबईत तोच गुरू ४९ अंशांवर होता. (ती प्रतियुती १४ जुलैची होती, म्हणजे आपल्याकडे छत्रीखालची; त्याविषयी पुढे लिहितो.) फिलिपिन्समधल्या सेबू शहरात राहणाऱ्या क्रिस्तोफर गो यांनी २००६ च्या फेब्रुवारीत गुरूवरचे एक पांढरे अंडाकृती वादळ लाल झाल्याचे टिपले आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. सेबू हेसुद्धा दमट हवेचे, समुद्रकाठचे, दिव्यांनी उजळलेले आणि विषुववृत्ताजवळचे शहर आहे.

आता तंत्राविषयी थोडेसे, कारण ग्रहांचा फोटो म्हणजे एक क्लिक असा समज अजूनही आहे. गुरू सर्वांत मोठा दिसतो तेव्हाही त्याचा व्यास ५० विकलांच्या आतबाहेर असतो, आणि विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. माझी २०० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची न्यूटनी दुर्बीण कागदोपत्री ०.५८ विकलेपर्यंतचा तपशील वेगळा दाखवू शकते, पण हवा तिला तसे करू देत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिले तर गुरू सतत उकळत असतो. पट्टे विरघळतात, कडा लपलपतात, आणि मग अचानक अर्ध्या सेकंदासाठी सगळे थांबते आणि उत्तर पट्ट्याच्या काठावरचे निळसर गाठोडे, त्याला लागून खाली उतरणारा धागा, एका उपग्रहाची टाचणीच्या टोकाएवढी काळी सावली असे सगळे एकदम दिसते. ते अर्धे सेकंद पकडण्यासाठी व्हिडिओ घ्यायचा असतो. डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये हिशेब करून दाखवले होते की खूप कमी वेळाच्या फ्रेम पुष्कळ घेतल्या तर त्यांतल्या काही हवेच्या तडाख्यातून निसटून येतातच. ऑटोस्टॅकर्ट हा मोफत प्रोग्रॅम त्या हजारो फ्रेममधून चांगल्या निवडतो, एकमेकींवर बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. त्यानंतर रेजिस्टॅक्स या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तपशील उठावदार करायचा. या शेवटच्या पायरीवर हात आवरावा लागतो. स्लायडर थोडा जास्त सरकला की गुरू लाकडात कोरल्यासारखा दिसू लागतो, आणि समाजमाध्यमांवर नेमक्या अशाच फोटोंना भरभरून दाद मिळते.

व्हिडिओ किती लांब घ्यायचा हे गुरूच ठरवतो. दहा तासांच्या आत तो स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. दोन-तीन मिनिटांपलीकडे गेले की सरासरीत तो पुसला जाऊ लागतो.

आता स्लॅब. काँक्रीटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्री बराच वेळ ती उष्णता वर सोडत राहते. दुर्बिणीच्या तोंडासमोरून ती गरम हवा गेली की वर कितीही शांत आकाश असले तरी उपयोग नसतो. आमच्या जुन्या इमारतीवर चायना चिप्सची पांढरी फरशी आहे, ती डांबरी पत्र्याच्या वॉटरप्रूफिंगपेक्षा कितीतरी कमी तापते, आणि या बाबतीत जुन्या बांधकामाचे मला कौतुक वाटते. शेजारच्या टॉवरच्या भिंतीवर एसीची बाहेरची यंत्रे ओळीने लावलेली आहेत. गुरू त्या भिंतीच्या माथ्यावर असेपर्यंत मी कॅमेरा सुरूच करत नाही. उलट एक फायदाही आहे. किनाऱ्यावरच्या शहरात रात्री तापमान फारसे घसरत नाही, त्यामुळे आरसा आणि भोवतालची हवा लवकर एका पातळीवर येतात; पुण्याच्या हिवाळ्यात त्याला बराच वेळ द्यावा लागतो. मात्र एसीच्या खोलीतली दुर्बीण तडक बाहेर आणली की मुंबईची दमट हवा आरशावर लगेच धुके धरते.

गच्ची मिळवणे हा वेगळा विषय. किल्ली सेक्रेटरी काकांकडे असते आणि त्यांना टाकीच्या झाकणाची काळजी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मात्र शनीची काळजी. ‘अरे, तो आपल्याकडे बघतो तेवढं पुरे आहे, तू कशाला त्याच्याकडे बघतोस?’ असे त्या मला जिन्यात म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन वर आल्या.

चंद्राचे काम सोपे वाटते, पण हवेची खरी परीक्षा तोच घेतो. चंद्रावर एक विकला म्हणजे पावणेदोन-दोन किलोमीटर. प्लेटो या सुमारे शंभर किलोमीटर रुंद विवराच्या गुळगुळीत तळावर दोन-तीन किलोमीटरची काही बारीक विवरे आहेत. ती पडद्यावर दिसली तर हवा चांगली आहे असे समजावे आणि बाकीची कामे सोडून रेकॉर्डिंग सुरू करावे. पौर्णिमेचा चंद्र या कामाला निरुपयोगी, कारण त्यावर सावल्याच नसतात. शुद्ध अष्टमी-नवमीला ‘सरळ भिंत’ या नावाने ओळखला जाणारा शंभरावर किलोमीटर लांबीचा कडा काळ्या रेघेसारखा दिसतो, कारण त्याची सावली पडलेली असते. वद्य अष्टमीच्या पुढे पहाटे पाहिले तर ऊन समोरून येते आणि तीच रेघ पांढरी झालेली असते.

सूर्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्याआधीच लावायचा असतो. नेत्रभिंगाला लावायचे जुने काळे फिल्टर उष्णतेने तडकू शकतात. ते कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. पाहण्यासाठीची सौर फिल्म एक लाखांश प्रकाशच आत सोडते. नेम धरण्यासाठी बाजूला बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण हवेच, विशेषतः मुले जवळ असतील तर. सूर्य टिपायचा तो सकाळी, गच्ची तापण्याआधी. डोक्यावर काळे कापड घेऊन आणि लॅपटॉप पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून, कारण उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. २०२४ च्या मे महिन्यात पृथ्वीच्या सुमारे पंधरापट रुंदीचा डागांचा एक समूह सूर्यावर होता, आणि १०-११ मेच्या त्याच्या वादळांनी लडाखच्या आकाशातही लाली आणली. मुंबईला याहून मोठ्या वादळाची आठवण आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरचा लखलखाट पाहिला, आणि त्यानंतर आलेल्या चुंबकीय वादळात कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेली. त्या वादळाच्या जोराचा अंदाज घेताना संशोधक आजही कुलाब्याच्या त्याच नोंदीकडे वळतात.

राहिला पावसाळा. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो अशा प्रतियुती साधारण पंधरा-सतरा वर्षांनी येतात, आणि त्या जुलै ते सप्टेंबरच्या आसपासच पडतात, कारण मंगळाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा भाग पृथ्वी त्याच महिन्यांत ओलांडते. २००३ च्या ऑगस्टअखेर तो २५ विकलांचा झाला होता. २०१८ मध्ये २७ जुलैला प्रतियुती आली तेव्हा मुंबईत ढग होते आणि मंगळावर धुळीचे वादळ. आपल्या वाट्याला हिवाळी मंगळ येतो: जानेवारी २०२५ मध्ये तो साडेचौदा विकलांचाच होता, पण माथ्याजवळ होता, आणि मला तो सौदा मान्य आहे.

शनीचे गणित आता सुधारत चालले आहे. त्याची प्रतियुती दरवर्षी बारा-तेरा दिवसांनी पुढे सरकते. २०१८ मध्ये ती २७ जूनला, म्हणजे ऐन पावसात होती. २०२६ मध्ये ती ४ ऑक्टोबरला आहे. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वीवरून पाहता कडेने दिसणारी, म्हणजे नुसती रेघ झालेली कडी आता वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सुमारे २७ अंशांनी कललेली असतील. त्या वर्षी प्रतियुती डिसेंबरात असेल आणि शनी मिथुनेत, म्हणजे मुंबईच्या माथ्याजवळ असेल. उघडी कडी, कोरडे आकाश आणि उंच शनी हे तिन्ही एकत्र येण्याची अशी संधी पुन्हा येईपर्यंत २९ वर्षे जातात. अडचण एवढीच की आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. नव्या टॉवरच्या गच्चीवर रहिवाशांना रात्री जाता येईल, हे करारात लिहून घ्यावे असे पत्र मी कमिटीला दिले आहे. पुढच्या सभेत तो विषय पार्किंगनंतर घेणार आहेत.