दुष्ट पात्र मंजूर व्हायला लागलेले 5 आठवडे

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) दुष्ट पात्र खेळायचं म्हणून मी 5 आठवडे थांबलो. राग अजून पुरता उतरलेला नाही.

आमचा पाच जणांचा गट, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, धरून सहा. दर रविवारी कोथरूडला एकाच्या घरी पाचव्या आवृत्तीचा खेळ चालतो. पात्राचा कागद तासाभरात भरून झाला: मानव, 'रोग' (Rogue, म्हणजे चोरटा), तिसऱ्या लेव्हलचा असॅसिन (मारेकरी). अलाइनमेंटच्या (पात्राच्या नैतिक वृत्तीच्या) रकान्यात 'लॉफुल ईव्हिल', म्हणजे नियम पाळणारा पण दुष्ट, असं लिहिलं आणि तिथेच सगळं अडलं.

"ईव्हिल नको. मागच्या वेळी एकाने आपल्याच पार्टीचा खजिना पळवला आणि अख्खं कॅम्पेन, सगळी चालू गोष्टच, बुडालं," डीएम म्हणाला. मी दोन पानांची बॅकस्टोरी (पात्राची पूर्वकथा) पाठवली. परत आली. मग चार पानांची पाठवली, त्यात जळलेलं गाव, सूड, सगळं होतं. ती दहा दिवस त्याने उघडलीच नाही. विचारलं की "बघतो रे." नियमांत मनाई नाही, उलट 1978 च्या नियमांत असॅसिन ईव्हिलच असावा लागे, हे दाखवल्यावर तो आणखीच आखडला. (नियम काढून डीएमशी भांडू नका. माझा एक आठवडा त्यातच गेला.) त्यात पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणारी म्हणाली, "मी तुला पहिल्याच दिवशी ओळखीन." पण पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनच्या डिव्हाइन सेन्स या शक्तीला माणसाची अलाइनमेंट कळत नाही, सेलेस्टियल (स्वर्गीय जीव), फीन्ड (सैतानी जीव) आणि अनडेड (मेलेले पण चालतेफिरते) तेवढे कळतात. हे तिला पटवण्यात एक अख्खा रविवार गेला.

पाचव्या आठवड्यात डीएमने शेवटी विचारलं, "हा माणूस या चौघांना सोडून का जात नाही?"

हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर! मी त्याच रात्री एक ओळ पाठवली: तो दिलेला शब्द मोडत नाही, आणि गटातल्या क्लेरिकला (पुजारी पात्राला) जिवंत घरी आणीन असा शब्द त्याने तिच्या बापाला दिला आहे. दहा मिनिटांत मंजुरी. सहा पानांचं काम एका ओळीने केलं.

म्हणून आधी ती ओळ शोधा, आणि ज्याच्या पात्राशी ती बांधायची त्याला विचारून घ्या. मी क्लेरिकवाल्याला आधी विचारलं नव्हतं, ते चुकलंच. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, मर्यादाही ठरवा. आमच्याकडे लहान मुलांना इजा अजिबात नाही, छळाचे प्रसंग पडद्याआड.

पहिल्याच सेशनला मी नाकेदाराला धमकावून सगळ्यांना पुलापार नेलं. पॅलाडिन चिडली, पण पूल ओलांडला. त्या क्षणासाठी मी पुन्हा 5 आठवडे थांबेन.

हो, आणि एक जादा पात्र तयार ठेवा. मर्यादा ओलांडली तर माझं हे दुष्ट पात्र डीएमच्या ताब्यात जाईल, असं मी आधीच कबूल केलं होतं. 11 सेशन झाली, तो अजून माझ्याकडेच आहे.