पाव गोदामाचे भाडे

सर्वांत स्वस्त निर्णय गणिताने शोधणारी संगणक-प्रणाली, म्हणजे सॉल्व्हर, हाताशी असताना प्रश्न आधी कागदावर का मांडावा लागतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एका व्यापाऱ्यांनी परवा पुन्हा तोच प्रश्न केला, जो महापेच्या आमच्या कचेरीत दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी करतेच: “सॉल्व्हर एवढा महागाचा घेतलात, मग सगळा हिशेब त्याच्या हवाली करून मोकळे का होत नाही? आठवडा-आठवडा कागदावर काय खरडत बसता?”

याचे कारण असे की सॉल्व्हरला आपला प्रश्न दिसत नाही, आपण केलेली मांडणी दिसते. आणि एकाच प्रश्नाच्या दोन मांडण्या अगदी बरोबर असूनही एक चहा येईपर्यंत सुटते, तर दुसरी रात्रभर चालून सकाळी अर्धवटच असते. गोदाम घ्यायचे किंवा नाही, गाडी पाठवायची किंवा नाही, असे निर्णय पूर्णांकातच असतात. सॉल्व्हर मात्र ही पूर्णांकाची अट आधी बाजूला ठेवतो, तो शिथिल प्रश्न सोडवतो आणि त्यातून येणारा खर्च ‘याहून स्वस्त शक्यच नाही’ अशी मर्यादा म्हणून धरतो. मग एकेक निर्णय हो-नाही असा फोडत फांद्या काढत जातो. 1960 मध्ये लँड आणि डॉइग या संशोधकांनी मांडलेली हीच पद्धत आजही पायाशी आहे. मर्यादा खऱ्या उत्तरापासून जितकी दूर, तितक्या फांद्या जास्त.

आता ही मर्यादा दूर का राहते, ते पाहा. समजा तुर्भे, तळोजा, पनवेल आणि भिवंडी येथे सारख्याच भाड्याची चार गोदामे मिळू शकतात आणि 40 दुकानांना माल पुरवायचा आहे. ‘गोदाम घेतले असेल तरच त्यातून माल जाईल’ ही अट बहुतेक जण एका ओळीत लिहितात: त्या गोदामातून जाणाऱ्या दुकानांची संख्या, गोदामाच्या आकड्याच्या (घेतले तर 1, नाही तर 0) 40 पटीपेक्षा जास्त नसावी. यात चूक काहीच नाही. पण शिथिल प्रश्नात तुर्भ्याच्या वाट्याला जवळची 10 दुकाने आली, की सॉल्व्हर तिथे पाव गोदाम घेतो आणि पावच भाडे भरतो. चारही ठिकाणांहून प्रत्येकाला जवळून माल जातो आणि भाडे एकूण एकाच गोदामाचे! असा घरमालक मला अजून भेटलेला नाही. तीच अट प्रत्येक दुकानासाठी वेगळी लिहिली, की एका दुकानाचा पूर्ण माल तुर्भ्याहून जाताच तिथले गोदाम पूर्ण घ्यावे लागते. 4 ओळींच्या 160 ओळी होतात, आणि तरीही प्रश्न बहुधा लवकर सुटतो. नवख्यांना हे पटवणे सर्वांत अवघड जाते.

अशा जादा अटींना वैध असमानता म्हणतात: त्यांनी एकही खरे उत्तर बाद होत नाही, फक्त पाव गोदामासारखी भुते बाद होतात. आजचे सॉल्व्हर त्यांतल्या पुष्कळशा स्वतःच हुडकून काढतात, हे मान्य केलेच पाहिजे.

लोखंडाचा प्रश्न मात्र त्यांना तितक्या सहज उलगडत नाही. सळी 12 मीटरची आणि 7 मीटरचे 10 तुकडे हवेत. ‘कोणत्या सळीतून किती तुकडे’ अशी मांडणी केली, तर शिथिल प्रश्न सरळ 70 भागिले 12 करून 5.83 सळ्या सांगतो, म्हणजे वर धरून 6. हे ऐकून ते व्यापारी हसले. 7 मीटर कापल्यावर उरलेल्या 5 मीटरमधून दुसरा तुकडा निघत नाही, तेव्हा सळ्या 10 लागणार. शिवाय सगळ्या सळ्या सारख्याच असल्याने सॉल्व्हर त्यांचे क्रमांक अदलून-बदलून तेच उत्तर पुन्हा पुन्हा तपासत राहतो.

येथे प्रश्नाचे विघटन, म्हणजे तो एक मुख्य प्रश्न आणि छोटे उपप्रश्न असा फोडणे, उपयोगी पडते. आयबीएममधील गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये दाखवले, की सळीऐवजी ‘कापण्याचा नमुना’ हाच निर्णय धरावा. आपल्या उदाहरणात नमुना एकच, सळीमागे एक तुकडा, आणि शिथिल उत्तरही थेट 10 येते. लांब्या अनेक असतील तर नमुने अगणित होतात, म्हणून ते लागतील तसेच तयार करायचे: चालू उत्तरातून प्रत्येक लांबीच्या तुकड्याला एक भाव मिळतो, आणि त्या भावांनी एका सळीच्या किमतीपेक्षा जास्त मोलाचा नमुना निघतो का, एवढेच छोटा उपप्रश्न शोधतो. निघाला तर तो यादीत जातो. तो निघेनासा झाला, की शिथिल प्रश्न सुटला.

पण विघटन केले की मर्यादा घट्ट होतेच, म्हणजे खऱ्या उत्तराच्या जवळ येतेच, असे नाही. न्हावा-शेवा बंदरातून निघणाऱ्या ट्रेलरांच्या फेऱ्यांचे एक काम मी तीन आठवडे घालून असेच फोडले, आणि मर्यादा तसूभरही हलली नाही. माझा उपप्रश्न निव्वळ कमीत कमी खर्चाच्या मार्गाचा होता, आणि त्याचे उत्तर पूर्णांकाची अट काढली तरी पूर्णांकातच येते. मग फोडून घट्ट होणार तरी काय? जेफ्रियन या संशोधकांनी 1974 मध्येच हे लिहून ठेवले होते आणि मी ते वाचलेही होते. पुढे चालकाच्या कामाच्या तासांची अट मी मुख्य प्रश्नातून काढून त्या मार्गाच्या उपप्रश्नात घातली. उपप्रश्न सोडवायला जड झाला, पण त्याच संध्याकाळी मर्यादा पहिल्यांदा वर सरकली.