संमतीपत्रावरची खाडाखोड

परिषदा उभ्या करणे हा माझा व्यवसाय आहे. व्यासपीठ किती उंच असावे, दिवे केव्हा मंद व्हावेत, कोणाचा माइक केव्हा सुरू करावा आणि पडद्यावर कोणती पाटी यावी, हे सगळे सभागृहाच्या मागच्या टोकाला कन्सोलवर बसून इयरपीसमधून सांगणाऱ्या व्यक्तीला आमच्याकडे शो कॉलर म्हणतात, आणि ते काम मी करते. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत सभागृह ताब्यात मिळते ते आदल्या रात्री कोणाचे तरी लग्नाचे रिसेप्शन आटोपल्यावर, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पाहुण्यांची शेवटची गाडी निघते तेव्हा आमचा ट्रक मागच्या गेटवर उभा असतो, आणि सकाळच्या नोंदणीपर्यंत सुतार, लाइटवाले, एलईडीवाले आणि फुलवाले एकमेकांच्या पायात येत काम करत राहतात.

ही परिषद पर्यटन व्यावसायिकांची, प्रादेशिक स्वरूपाची होती आणि तिचा विषय होता शाश्वत, सर्वसमावेशक आणि आदिवासी पर्यटन. यातल्या शाश्वततेबद्दल थोडक्यात सांगते. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी काचेच्या बाटल्या ठेवल्या होत्या आणि त्यांचे फोटो पुष्कळ निघाले. प्रदर्शनाच्या दालनात अंथरलेला पातळ गालिचा मात्र नेहमीप्रमाणे एकदाच वापरून गुंडाळून फेकला गेला. तो धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा नवा अंथरणे स्वस्त पडते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि त्यावर कोणत्याही परिषदेत परिसंवाद झाल्याचे मी पाहिलेले नाही.

सर्वसमावेशकतेचा प्रश्न मात्र थेट माझ्या आराखड्यावर येऊन बसला. सकाळच्या सत्रातल्या एक वक्त्या विजेवर चालणारी चाकांची खुर्ची वापरत असत, आणि आयोजकांना आवडलेले व्यासपीठ तीस इंच उंच होते. उताराचे गणित सोपे आहे: एक इंच चढायला किमान बारा इंच लांबी लागते, म्हणजे तीस इंचांसाठी तीस फूट, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा. आयोजकांच्या प्रतिनिधीने आराखड्यावर नजर टाकली, एवढ्या लांबीच्या रॅम्पमुळे प्रायोजकांची किती गोल टेबले उडतील ते मोजले आणि सांगितले की चार माणसे उचलून ठेवतील. असली खुर्ची बसलेल्या माणसासकट दीडशे किलोच्या पुढे सहज जाते, आणि उचलून घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार बसलेल्या माणसाचा असतो. त्या बाईंनी आपल्याला कोणीही उचलणार नाही, असे आधीच मेलवर कळवले होते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा आहे, 1:12 चे प्रमाण सरकारी मार्गदर्शक सूचनांत छापलेले आहे, तरीही दरवेळी हे गणित नव्याने सांगावे लागते आणि दरवेळी समोरचा माणूस ते मीच शोधून काढल्यासारखा माझ्याकडे पाहतो.

शेवटी मी व्यासपीठच खाली आणले. सहा इंच उंची आणि तिला सहा फुटांचा उतार. मागच्या टेबलांना वक्ते दिसावेत म्हणून दोन्ही बाजूंचे पडदे वर उचलले आणि एक कॅमेरा वाढवला. सांकेतिक भाषेच्या दुभाषीसाठी गडद, साधी पार्श्वभूमी आणि हातांवर वेगळा दिवा ठेवला, कारण परिसंवादासाठी दिवे मंद केले की तिचे हात अंधारात जातात आणि ज्यांच्यासाठी ती उभी असते त्यांची परिषद तिथेच संपते. या मांडणीचा मला आजही अभिमान आहे.

दुपारच्या सत्राआधी तारपा नृत्य होते. पालघर जिल्ह्यातून वारली समाजाचे एक पथक येणार होते. डहाणू, तलासरी, जव्हार हे तिथले तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासींसाठी विशेष तरतुदी असलेल्या क्षेत्रातले, आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरचे. विरारच्या लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या त्या 2013 पासून. परिषदेत वाटलेल्या कापडी पिशव्यांवर वारली चित्र छापले होते: मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफून फिरणाऱ्या माणसांची गुंडाळत जाणारी रांग. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांमुळे ही रांग जगभर पोहोचली, आणि आता ती पिशव्यांपासून उपाहारगृहांच्या भिंतींपर्यंत सगळीकडे असते. या पिशव्यांवरची आकृती छपाईवाल्याने इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. वारली चित्रकाराला त्यात विचारलेलेही नव्हते.

रंगीत तालमीला नृत्य दिग्दर्शकाने पथकाला प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत उभे केले, कारण मागच्या एलईडीवर प्रायोजकाचे नाव होते आणि समोर कॅमेरा. तारपा वाजवणारे बाबा साठीच्या पुढचे होते. वाळलेल्या दुधी भोपळ्याचे, बांबूचे आणि ताडाच्या पानांचे ते लांब वाद्य त्यांनी ओठांपासून खाली घेतले आणि सांगितले की असे होत नाही. नाचणारे तारप्याभोवती फिरतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. सूर बदलला की फेरा बदलतो, आणि ओळीत उभे राहिल्यावर कोणी कशाभोवती फिरायचे? दिग्दर्शक त्यांना प्रेक्षकांची सवय समजावू लागला. मी त्याला पिशवी दाखवली. मग मधली चार टेबले हलवली, सभागृहाच्या मध्यभागी मोकळी जागा केली आणि पथक जमिनीवर, सगळ्यांच्या मधोमध नाचेल असे ठरले. प्रायोजकाचा माणूस नाराज झाला, आणि त्याच्या नाराजीची नोंद आमच्या बिलात पुढे कुठल्या तरी कपातीच्या रूपाने झालीच.

इथवरचे सगळे अवघड होते, पण माझ्या आवाक्यातले होते. ज्या गोष्टीसाठी हे लिहिते आहे ती ग्रीन रूममध्ये घडली.

चित्रीकरण होणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही संमतीपत्र घेतो. एक पान, बारीक टाइप, इंग्रजी मजकूर. चित्रीकरण जगभर, कायमस्वरूपी, कोणत्याही माध्यमात, कोणत्याही कारणासाठी आणि वेगळ्या मोबदल्याशिवाय वापरता येईल, असा त्याचा आशय असतो. सकाळपासून सगळ्या वक्त्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या, बहुतेकांनी चहाचा कप दुसऱ्या हातात धरून आणि एकानेही न वाचता. माझ्या सहायकाने पथकापुढे कागद ठेवले तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुणाने ते गोळा केले आणि खिडकीपाशी जाऊन वाचायला घेतले. तो गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देण्याचे काम करतो, हे मला नंतर कळले. वाचून झाल्यावर त्याने मला बोलावले.

“ताई, हे कायमचं कशाला?” त्याने विचारले. “आज इथे नाचतोय ते आज दाखवा, बाहेरच्या लोकांना लाइव्ह दाखवा, आमचं काही म्हणणं नाही. पण जाहिरातीला नको.” त्यांचा आधीचा एक व्हिडिओ कोणत्या तरी रिसॉर्टच्या जाहिरातीत लागला होता, आणि गावाला ते व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या क्लिपमधून कळले होते. तो चिडून बोलत नव्हता. त्याने पेनने ते कलम खोडले, वर मराठीत “फक्त आजच्या कार्यक्रमापुरते” असे लिहिले, खाली तारीख घातली, स्वतः सही केली आणि बाकीच्यांना काय लिहिले आहे ते वाचून दाखवून त्यांच्या सह्या घेतल्या. बाबांनी अंगठा न उठवता अक्षर न् अक्षर जुळवून सही केली, त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ माझ्या इयरपीसमध्ये दोन जण एकाच वेळी माझे नाव घेत होते.

आयोजकांच्या विधी विभागाला मी त्या पानाचा फोटो पाठवला. उत्तर आले की मसुद्यात बदल चालणार नाही. मूळ मसुद्यावर सही नसेल तर चित्रीकरण करू नये आणि थेट प्रक्षेपणही करू नये. त्या तरुणाची थेट प्रक्षेपणाला स्पष्ट संमती होती आणि ती त्याने लिहून दिली होती, हे मी दोनदा सांगितले. संमती कायमची असेल तरच ती संमती, असा त्या कार्यालयाचा हिशेब होता. आयोजकांच्या प्रतिनिधीने यावर तोडगा काढला: “त्यांना सांगा, सगळेच सही करतात.” ते खरेही होते. मी तसे सांगितले नाही. माझ्या रन-शीटमध्ये प्रत्येक मिनिटाला काय व्हायचे याचा रकाना होता, वक्ता उशिरा आला तर काय आणि वीज गेली तर काय याचाही होता; विचारल्यावर कोणी “एवढेच” असे उत्तर दिले तर काय, याचा नव्हता.

तेव्हा जे उरले होते ते केले. नृत्याची वेळ झाली तशी मी प्रक्षेपण थांबवून “थोड्याच वेळात परत येत आहोत” ही पाटी लावायला सांगितली, कॅमेरामननी लेन्सवर टोप्या चढवल्या, दिवे मध्यभागी आणले. तारपा सुरू झाला. बंदिस्त सभागृहात त्या वाद्याचा आवाज किती भरून राहतो याचा माझ्या साउंड इंजिनिअरलाही अंदाज नव्हता. त्याने माइक पूर्ण बंद केला तरी काही कमी पडले नाही. रांग फिरत गेली, आत गुंडाळली, पुन्हा उलगडली. आणि सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा मोबाइल वर होता. फोन खाली ठेवण्याची विनंती सूत्रसंचालिकेने करावी असे मी सुचवले होते. पाहुण्यांना असे सांगणे बरे दिसत नाही, म्हणून ते नाकारले गेले. म्हणजे ज्या तीन कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा हिशेब कोणाला तरी मागता आला असता ते बंद होते, आणि ज्यांचा हिशेब कोणालाच मागता येणार नाही असे शेकडो चालू होते. परिषदेच्या हॅशटॅगसह त्या नाचाचे व्हिडिओ जेवणाआधीच फिरू लागले होते. नंतर मी त्या तरुणाला हे दाखवले तेव्हा त्याने खांदे उडवले. लोक बघतात, काढतात, त्याचे काही नाही, तो म्हणाला. दुकान मांडणाऱ्याने आधी विचारावे, इतकेच. त्याचे म्हणणे मला पटले होते, तरी दिवसभरात आम्ही नेमके कोणाचे काय राखले हे मला अजून नीट मांडता येत नाही.

लगेच पुढचे सत्र आदिवासी पर्यटनातल्या संमतीवर होते. एका अभ्यासू वक्त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्यातले कलम 31 वाचून दाखवले, ज्यात आपल्या पारंपरिक कलांवर, नृत्य-संगीतावरही, नियंत्रण ठेवण्याचा आदिवासी समाजांचा हक्क मान्य केला आहे. भारताने त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. पुढे 2012 साली डार्विनमध्ये झालेल्या परिषदेचा लॅराकिया जाहीरनामा आला: पर्यटनात किती आणि कसे सहभागी व्हायचे हे त्या त्या समाजाने स्वतः ठरवायचे. मग आपल्याकडचा अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा, ग्रामसभा. भाषण उत्तम होते, वेळेतही संपले. प्रश्नोत्तरांत एकाने विचारले की आत्ताच्या नृत्याचे रेकॉर्डिंग कुठे मिळेल. सत्राच्या संचालकांनी हसून सांगितले की ते आजच अपलोड होईल. वक्त्यांच्या न वाचता केलेल्या सहीचा कागद त्या वेळी माझ्या कन्सोलवरच्या फोल्डरमध्ये, खाडाखोड केलेल्या कागदांच्या वर होता.

पथक तोवर तळघरातल्या कर्मचाऱ्यांच्या भोजनकक्षात जेवत होते. त्यांच्या गळ्यात कलाकारांचे बिल्ले होते, आणि त्या रंगाच्या बिल्ल्याला वरच्या मजल्यावरच्या जेवणाचा अधिकार नव्हता. हॉटेलच्या सुरक्षारक्षकाने त्यांना सामानाच्या लिफ्टनेच वर आणले होते आणि त्यानेच खाली नेले. हा नियम आदिवासींसाठी केलेला नाही, आमच्या सुतारांना आणि मलाही तो लागू असतो. पण सकाळी त्याच पथकाचा उल्लेख उद्घाटनाच्या भाषणात “आजचे आपले यजमान” असा झाला होता.

मानधनाचे सांगायचे तर, आमच्या धंद्यात हॉटेलला सगळी रक्कम आगाऊ जाते आणि कलाकाराला पॅन कार्ड, रद्द केलेला चेक आणि बिल दिल्यावर साठ दिवसांनी मिळते. पथकाला त्या संध्याकाळी विरारहून डहाणूची गाडी गाठायची होती, म्हणून किरकोळ खर्चाच्या पेटीतून प्रवासाचे आणि मानधनातले काही पैसे मी रोख दिले. आमच्या हिशेबनिसाने त्यावर लाल शेरा मारला आहे. उरलेले पैसे वेळेवर गेले का, याचा पाठपुरावा मी त्या तरुणाला फोन करून करते, आणि तो दरवेळी आधी संमतीपत्राचे काय झाले ते विचारतो.

संमतीपत्राचे असे झाले की मी एक नवा मसुदा करून पाठवला. तो मराठीत आहे, मोठ्या टाइपमध्ये आहे, आणि त्यात थेट प्रक्षेपण, परिषदेचा अहवाल, समाजमाध्यमे आणि जाहिरात यांसाठी वेगवेगळ्या चौकटी आहेत. ज्याला जे मान्य असेल त्याने तिथे खूण करावी, आणि जाहिरातीच्या चौकटीपुढे रक्कम लिहायला जागा सोडलेली आहे. विधी विभागाने त्यावर अजून काही कळवलेले नाही. आयोजकांकडून मात्र पुढच्या वर्षीच्या परिषदेची प्राथमिक मागणी आली आहे. तिच्यात सांस्कृतिक कार्यक्रमाखाली लिहिले आहे की रेकॉर्डिंगला हरकत नसलेले पथक सुचवावे. अशी पथके मिळतात, दोघांचे नंबर माझ्या फोनमध्येही आहेत. मी उत्तरात नवा मसुदा पुन्हा जोडला आहे आणि नंबर दिलेले नाहीत.