किरणं कमरेपर्यंतच आली

नव्या शैक्षणिक धोरणामुळे कला-वाणिज्यच्या मुलांना दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घ्यावाच लागतो. त्यांच्यासाठी आमच्या फिजिक्स विभागानं जो पेपर बसवला, त्यात संगीत, विज्ञानकथा आणि देवळं असे तीन भाग ठेवले. संगीताला कुणाची हरकत नव्हती. मिरजेचा तंबोरा वर्गात आणला, घोडीवर तारांखाली अडकवलेलं सूत काढून-घालून आवाजातला फरक ऐकवला आणि सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याच घोडीवर काम केलं होतं हे सांगितलं की मुलं आपोआप पुढे सरकून बसतात. विज्ञानकथेच्या भागात नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावानं कथा पाठवून पहिलं बक्षीस मिळवल्याची गोष्ट येते, तीही सगळ्यांना आवडते.

अडलं ते देवळांपाशी. एका सहकाऱ्याचं मत, देवधर्म फिजिक्सच्या वर्गात नको. दुसऱ्याला देवळं हवी होती, पण पूर्वजांना सगळं ठाऊक होतं एवढं म्हणण्यापुरती. मोजायचं मात्र दोघांच्याही मनात नव्हतं, आणि माझा राग आहे तो त्यावर.

कोल्हापुरात राहून अंबाबाईचा किरणोत्सव सोडून मी दुसरं काय शिकवणार? 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगतात. या दोन्ही तारखा 21-22 डिसेंबरपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. दोन्ही वेळा सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला साधारण 18 अंशांवर मावळतो. त्या दिवसांत मावळतीची जागा रोज सूर्यबिंबाच्या जेमतेम अर्ध्या रुंदीएवढी सरकते, म्हणून सोहळा एका दिवसात संपत नाही.

मुलांना मी एक गोष्ट आधीच बजावली होती. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साडेचोवीस अंशांपर्यंत फिरतो. त्या टप्प्यात तोंड असलेल्या कुठल्याही दारात तो वर्षातून दोनदा समोर येणारच. तेव्हा नुसती किरणं येतात म्हणून बांधणाऱ्याचा हेतू सिद्ध होत नाही. पण एवढ्या खोल गाभाऱ्यापर्यंतची वाट मोकळी राहणं ही वेगळी गोष्ट आहे. गरुड मंडप तर मूळ देवळाच्या कितीतरी नंतरचा, लाकडी. तो उभारतानाही ही वाट बुजली नाही.

नोव्हेंबरात मुलांचे दोन गट केले. एक गट आत रांगेत, कागद-पेन आणि मनगटी घड्याळं घेऊन. दुसरा महाद्वार रोडच्या बाजूला एका विद्यार्थ्याच्या गच्चीवर, उजेड मोजणारा लक्समीटर आणि सूर्याची उंची मोजायला कोनमापकाला ओळंबा बांधून केलेलं साधन घेऊन. घड्याळं आधी सेकंदापर्यंत जुळवून घेतली. मी गच्चीवर होतो.

बाहेरच्यांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे, सूर्य खाली जातो तसा आतला प्रकाश मूर्तीवर वर चढतो. दाराच्या वरच्या कडेखालून येणारं किरण जितकं आडवं, तितकं ते उंच पोचतं. म्हणजे मुखाला लागतात ती अगदी शेवटची मिनिटं, आणि नेमका त्याच वेळी उजेड सर्वांत दुबळा असतो. सूर्य क्षितिजापासून दोन अंशांवर असताना किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या सुमारे 20 पट हवा ओलांडावी लागते, क्षितिजावर तर 38 पटींच्या आसपास. त्यात धूर-धुळीचा पट्टा. गच्चीवर आकडा झरझर उतरत गेला आणि बिंब तांबूस गोळ्यासारखं, डोळे न दिपता बघता येईल असं झालं.

आतली मुलं खाली भेटली तेव्हा कळलं, किरणं कमरेपर्यंत येऊन गेली. इतिहासाच्या एका मुलीची आजी रांगेतच होती. ती म्हणाली, "औंदा आईनं किरणं तोंडाव घेतली न्हाईत."

मुलगी माझ्याकडे वळली. "सर, आजीला काय सांगू? देवीनं घेतली नाहीत, की आपण पोचू दिली नाहीत?"

तिथं मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांच्या वह्या शेजारी ठेवल्या. आतल्या नोंदी होत्या: तांबूस, फिका, आणि मग 'एकदम गेला'. हा 'एकदम' महत्त्वाचा. धुरळा प्रकाश हळूहळू गिळतो, भिंत तो त्या मानानं झटकन कापते. गच्चीवरच्या वहीत त्याच मिनिटाला सूर्य अजून दिसत होता, मंद पण अख्खा. म्हणजे हवेनं उजेड कमी केला खरा, पण शेवटचा घाव वाटेतल्या कुठल्यातरी कोपऱ्याचा किंवा पत्र्याचा. वाटेतल्या बांधकामांबद्दल कोल्हापुरात वर्षानुवर्षं बोललं जातं. इथं ते मुलांच्या दोन वह्यांतून निघालं. पदवीच्या प्रयोगशाळेत मुलांनी तयार उत्तराशी जुळवलेली रीडिंग्ज मी इतकी पाहिली आहेत, की या दोन वह्या मला फार मोलाच्या वाटतात.

त्या मुलीनं अहवालात देवळाचा उभा छेद काढला, किरणाची रेघ ओढली आणि खाली आजीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. तपासताना एक सहकारी म्हणाले, हे वाक्य काढायला लावा, निरीक्षणात बसत नाही. मी काढायला लावलं नाही. तिथं उभ्या असलेल्या माणसानं काय पाहिलं आणि ते कसं समजून घेतलं, याची ती नोंद आहे, आणि ती मोजमापाशी भांडत नाही. गुणपत्रकात मात्र अशा नोंदीला रकाना नाही. मी त्या नोंदीचे गुण 'निष्कर्ष' या रकान्यात घातले आणि हे बरोबर झालं का, याचा अजून विचार करतोय.

आता 31 जानेवारीला तिसरा गट लागेल, गाभाऱ्याच्या रेषेत पश्चिमेकडे चालत जाऊन कडा कुठे आडवी येते ते शोधणारा. त्या बाजूच्या गच्च्यांवर चढायला मालकांची परवानगी लागेल. ती मागण्याचं काम त्या मुलीनं आपण होऊन घेतलं आहे, आणि आजीलाही बरोबर नेणार म्हणते.